स्टॉकहोमची दोन तिकिटे

बंगळुरूच्या मेख्री चौकाजवळ, गर्द झाडीच्या आवारात रामन संशोधन संस्था उभी आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या आयुष्याची अखेरची बावीस वर्षे येथे काढली आणि त्यांचा देहही याच बागेत अग्नीच्या स्वाधीन झाला. दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने त्यांचे नाव घेतले जाते, त्यांचा शोध शाळाशाळांतून सांगितला जातो. त्या शोधाच्या मागेपुढे एका प्रवासाची कथा आहे. परदेशी निघताना शेवटच्या घटकेपर्यंत काही ना काही राहून जाते, हा प्रवास करणाऱ्या बहुतेकांचा अनुभव. रामन यांनी मात्र आयुष्यातील सर्वांत मोठ्या प्रवासाची तिकिटे, तो प्रवास घडणार की नाही हे कोणालाच ठाऊक नसताना, चार महिने आधी काढून ठेवली होती.

हे वर्ष १९३०. रामन त्या वेळी कोलकाता विद्यापीठात भौतिकशास्त्राचे पालित प्राध्यापक होते. जुलै महिन्यात त्यांनी आगबोटीच्या दोन जागा राखून ठेवल्या, एक स्वतःसाठी आणि दुसरी पत्नी लोकसुंदरी यांच्यासाठी. डिसेंबरच्या प्रारंभी स्टॉकहोमला पोचता यावे असा त्यांचा हिशेब होता. नोबेल पारितोषिकाच्या शिफारशींची मुदत जानेवारीअखेर संपलेली असली तरी स्वीडिश विज्ञान अकादमीचा निर्णय शरद ऋतूत व्हायचा होता. म्हणजे तिकिटे निघाली तेव्हा पारितोषिक कोणालाही मिळालेले नव्हते.

यात केवळ आत्मविश्वास होता असे म्हणणे अपुरे ठरेल. त्यामागे वेळापत्रकाचे साधे गणितही होते. घोषणा नोव्हेंबरच्या मध्यास होत असे आणि समारंभ १० डिसेंबरला, अल्फ्रेड नोबेल यांच्या स्मृतिदिनी. हाती चार आठवडेही राहत नसत. कोलकात्याहून मुंबईपर्यंत आगगाडीचे जवळजवळ दोन दिवस, मुंबईहून मार्सेयपर्यंत समुद्रावर सुमारे दोन आठवडे आणि तेथून पुढे युरोप ओलांडून उत्तरेस स्वीडनपर्यंत पुन्हा आगगाडी. टपालाची बोट मुंबईहून आठवड्यातून एकदा सुटे. एक बोट चुकली की आठवडा गेला, आणि आठवडा गेला की समारंभही गेला. युरोपातील शास्त्रज्ञाला तार आल्यावर पेटी भरता येत होती. कोलकात्याच्या शास्त्रज्ञाला ती सोय नव्हती.

तरीही जोखीम लहान नव्हती. आदल्या वर्षीही त्यांचे नाव सुचविले गेले होते, पण १९२९ चे पारितोषिक फ्रान्सच्या लुई द ब्रॉयली यांना मिळाले. मॉस्कोमध्ये लांड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांनी स्फटिकांमध्ये हाच आविष्कार स्वतंत्रपणे आणि जवळजवळ त्याच वेळी पाहिला होता. अशा स्थितीत निर्णय विरुद्ध गेला असता तर कोलकात्याच्या विद्वज्जनांत वर्षानुवर्षे पुरेल इतका हसण्याचा विषय झाला असता. रामन यांना चाहते पुष्कळ होते, तसे टीकाकारही कमी नव्हते, आणि त्यांचा फटकळ स्वभाव दुसऱ्या वर्गात सतत भर घालीत असे.

ज्या माणसाने ही तिकिटे काढली त्याचा पहिला परदेशप्रवास वैद्यकीय तपासणीतच अडला होता, हे येथे सांगावयास हवे. ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे जन्मलेल्या रामन यांचे बालपण विशाखापट्टणम येथे गेले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९०४ मध्ये ते पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला जावे, असा सल्ला शिक्षकांनी दिला. पण मद्रासच्या सिव्हिल सर्जनने या किरकोळ अंगलटीच्या मुलाला इंग्लंडची थंडी सोसणार नाही असे सांगून परवानगी नाकारली. या डॉक्टरचे आपल्यावर उपकार आहेत, असे रामन पुढे सांगत असत. एम. ए. नंतर त्यांनी वित्त विभागाची स्पर्धा परीक्षा दिली, तीत ते पहिले आले आणि १९०७ मध्ये सरकारी अधिकारी म्हणून कोलकात्यास रुजू झाले.

बहुबाजार रस्त्यावरील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था त्यांना तेथे सापडली. कचेरीच्या वेळेआधी आणि नंतर ते तिथल्या प्रयोगशाळेत राबत. दहा वर्षे हा क्रम चालला. १९१७ मध्ये सर आशुतोष मुखर्जी यांनी त्यांना विद्यापीठात पालित प्राध्यापकपद देऊ केले. पगार सरकारी नोकरीपेक्षा कमी होता, ते रामन यांनी मान्य केले. मात्र या पदावरील व्यक्तीने परदेशात प्रशिक्षण घेतलेले असावे अशी देणगीची अट होती. त्यासाठी परदेशी जाण्यास रामन यांनी साफ नकार दिला. अखेर अटच बदलावी लागली. शिकण्यासाठी विलायतेस जाणार नाही, हा त्यांचा बाणा तेव्हापासूनचा.

प्रत्यक्ष समुद्रप्रवास घडला तो १९२१ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. ऑक्सफर्ड येथे ब्रिटिश साम्राज्यातील विद्यापीठांची परिषद होती आणि रामन कोलकाता विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून गेले. लंडनच्या सेंट पॉल चर्चमधील कुजबुजीच्या सज्जापुढेही त्यांची जिज्ञासा स्वस्थ बसली नाही. तिथल्या ध्वनीवर त्यांनी निरीक्षणे केली. या प्रवासातील त्यांचे सामान मोठे बोलके आहे. नार्कुंडा या बोटीवरून परतताना त्यांच्याजवळ निकोल लोलक, छोटा वर्णपटदर्शक आणि विवर्तन जाळी अशी खिशात मावणारी साधने होती. भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून इतर प्रवासी सुखावत होते. समुद्राचा निळेपणा म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, हे लॉर्ड रॅले यांचे स्पष्टीकरण तेव्हा सर्वमान्य होते. रामन यांनी डेकवर उभे राहून लोलकाच्या साहाय्याने पृष्ठभागावरील परावर्तित प्रकाश वगळून पाहिला, तर पाणी अधिकच निळे दिसले. रंग पाण्याच्या रेणूंनी केलेल्या प्रकाशाच्या विकिरणातून येतो, हा निष्कर्ष त्यांनी बोटीवरच लिहून काढला. त्या टिपणावर मुंबई बंदराचा पत्ता आणि २६ सप्टेंबर १९२१ ही तारीख आहे. बोट धक्क्याला लागेपर्यंत शोधनिबंध तयार होता.

पुढील सात वर्षांचे काम याच धाग्याचे. द्रव, वायू, बर्फ, स्फटिक, जे हाती येईल त्यातून प्रकाश कसा विखुरतो हे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तपासले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन यांच्या सहकार्याने चाललेल्या प्रयोगांत, विखुरलेल्या प्रकाशात मूळ प्रकाशाहून वेगळ्या रंगाच्या रेषा स्पष्ट दिसल्या. रेणू प्रकाशकिरणाशी ऊर्जेची देवघेव करतो आणि त्या देवघेवीची खूण किरणाच्या रंगात उमटते, हे त्यातून सिद्ध झाले. उपकरणांचा खर्च काही शे रुपयांच्या पलीकडे नव्हता. १९३० च्या पारितोषिकासाठी रामन यांचे नाव सुचविणाऱ्यांत रदरफोर्ड, नील्स बोर आणि खुद्द लुई द ब्रॉयली होते.

त्याच वर्षी घरातील आणखी एक प्रवासी निघाला होता. रामन यांचा एकोणीस वर्षांचा पुतण्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर ३१ जुलै १९३० रोजी मुंबईहून केंब्रिजला जाण्यासाठी बोटीत चढला. आई आजारी होती, पण जाण्याचा आग्रह तिचाच होता. पुढच्या वर्षी तिचे निधन झाले. मुलाची भेट झाली नाही. त्या बोटीवर केलेल्या गणितातून ताऱ्यांच्या अंतासंबंधीची त्याची कीर्ती सुरू झाली आणि १९८३ मध्ये त्यालाही स्टॉकहोमला जाण्याचा मान मिळाला.

नोव्हेंबरमध्ये रामन यांच्या नावाची घोषणा झाली आणि तिकिटे कामी आली. देशात मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष होते. गांधीजी पुण्याच्या येरवडा कारागृहात होते. अशा काळात एका भारतीयाला विज्ञानातील सर्वोच्च सन्मान मिळाला होता. विज्ञानाचे नोबेल मिळविणारे ते पहिले आशियाई. साहित्याचे सिंक्लेअर लुईस, वैद्यकाचे कार्ल लँडस्टायनर आणि रसायनाचे हान्स फिशर यांच्या पंक्तीत, डोक्यावर नेहमीचा फेटा बांधलेले रामन राजे पाचवे गुस्ताव्ह यांच्यापुढे उभे राहिले. समारंभात आपल्या आसनावर ब्रिटिश ध्वज पाहून, आपल्या देशाला स्वतःचे निशाणही नाही या जाणिवेने त्यांना अश्रू आवरले नाहीत, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. तिकिटे, वेळ, व्याख्यान या सर्वांची तयारी झाली होती. या क्षणाची तयारी मात्र त्यांनी केलेली नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानाचा आरंभ त्यांनी १९२१ मध्ये पाहिलेल्या भूमध्य समुद्राच्या निळाईपासून केला.

१९३३ मध्ये रामन बंगळुरूला आले. भारतीय विज्ञान संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक. येथील पहिल्याच वर्षीची एक घटना मराठी वाचकाला विसरता येणार नाही. मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत पहिली आलेली कमला भागवत, म्हणजे दुर्गा भागवत यांची धाकटी बहीण, संशोधनासाठी अर्ज करते आणि ती स्त्री आहे म्हणून रामन तो नाकारतात. ती थेट बंगळुरू गाठून त्यांच्यासमोर ठाण मांडते. अखेर वर्षभराच्या परीक्षेवर, अपमानास्पद म्हणाव्या अशा अटींसह तिला प्रवेश मिळाला. तिचे काम पाहून रामन यांनी आपले मत बदलले आणि संस्थेचे दार स्त्रियांना उघडले. हीच कमला १९३७ मध्ये केंब्रिजला गेली आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवून परतली. कमला सोहोनी म्हणून आपण तिला ओळखतो. ज्याला स्वतःला एका डॉक्टरच्या शेऱ्याने दारातून परत फिरविले होते, त्याने तिच्या बाबतीत तेच करावे, हे रामन यांच्या चरित्रातील न शोभणारे पान आहे.

संचालकपद त्यांना फार काळ लाभले नाही. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले माक्स बोर्न काही महिने बंगळुरूत होते. त्यांना कायमची जागा मिळवून देण्याचा रामन यांचा प्रयत्न विरोधामुळे फसला. परदेशी प्रशिक्षणास नकार देणारा हा माणूस परदेशी विद्वानांना मात्र येथे आणू पाहत होता. १९३७ मध्ये त्यांनी संचालकपद सोडले आणि १९४८ पर्यंत प्राध्यापक म्हणून काम केले. निवृत्तीनंतरची व्यवस्थाही, स्टॉकहोमच्या तिकिटांप्रमाणे, त्यांनी फार आधी लावून ठेवली होती. १९३४ मध्ये त्यांनी भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली आणि म्हैसूर दरबाराने तिला अकरा एकर जमीन दिली. तिच्यावरच १९४८ मध्ये रामन संशोधन संस्था सुरू झाली. सुरुवातीला इमारतीत वीज नव्हती, तेव्हा त्यांनी सूर्यप्रकाशावर प्रयोग केले. हिरे, स्फटिक, शिंपले आणि फुले हा त्यांचा अखेरचा विषय.

ऑक्टोबर १९७० च्या अखेरीस ते प्रयोगशाळेत कोसळले. डॉक्टरांनी काही तासांचीच मुदत दिली होती, ती त्यांनी ओलांडली. मग रुग्णालयात राहण्यास नकार देऊन ते संस्थेच्या बागेत परतले. अकादमीची नियतकालिके बंद पडू देऊ नका, असे त्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याला बजावले. मृत्यूच्या आदल्या संध्याकाळी संस्थेच्या व्यवस्थापक मंडळाला आपल्या खोलीत बोलावून पुढील कारभाराची चर्चा केली. धार्मिक विधी नको, स्मारक नको, दहन याच आवारात व्हावे, हेही सांगून ठेवले होते. २१ नोव्हेंबर १९७० रोजी सकाळी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दहनस्थळी नंतर एक झाड लावण्यात आले.