डॉ. शिरोडकरांचा टाका

हुबळीच्या शाळेत शिकलेला एक विद्यार्थी पुढे एवढा मोठा झाला की जगातल्या प्रसूतिशास्त्राच्या ग्रंथांत त्याचे आडनाव एका शस्त्रक्रियेला कायमचे जोडले गेले. ते आडनाव म्हणजे शिरोडकर. आपल्या अंकाच्या मराठी आणि कानडी या दोन्ही विभागांना त्यांच्यावर सारखाच हक्क सांगता येईल, म्हणून हा विषय मी निवडला. दुसरेही एक कारण आहे. ते ओघाने येईलच.

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा या गावी झाला. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगीजांचा अंमल होता. शिक्षण हुबळीस व पुण्यास झाले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९२३ साली ते पदवीधर झाले, १९२७ साली एम. डी. झाले आणि विलायतेस जाऊन १९३१ साली एफ. आर. सी. एस. होऊन परतले. मग जे. जे. रुग्णालयात काम आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापकपद. पदव्यांची यादी येथेच थांबवते. अशा याद्या पुष्कळ थोरांच्या चरित्रांत असतात आणि वाचून झाल्यावर त्यांतले काहीच लक्षात राहत नाही.

लक्षात राहावे असे काम निराळे आहे. काही स्त्रियांना दिवस जातात, पहिले तीन महिने सुखाने पार पडतात आणि चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान फारशा कळा न येताच गर्भ पडून जातो. पुढच्या खेपेस पुन्हा तेच. त्या काळी अशा स्त्रीला खाटेवर निजवून ठेवीत, हार्मोनची इंजेक्शने देत आणि बाकी दैवावर सोपवीत. शिरोडकरांच्या ध्यानात आले की यांतल्या कित्येकींच्या गर्भात दोष नसतो, दोष दाराचा असतो. गर्भाशयाचे तोंड, जे नऊ महिने मिटलेले राहायचे, ते वाढत्या भाराने हळूहळू उघडते. मग ते दार बाहेरून आवळून धरले तर?

त्यांनी ते धरले. भूल देऊन गर्भाशयाच्या मुखाजवळ पुढच्या बाजूने छेद घ्यायचा, मूत्राशय अलगद वर सारायचे, मागूनही छेद घ्यायचा आणि आतल्या तोंडाच्या पातळीवर एक पट्टी फिरवून आवळायची. ही पट्टी त्यांनी त्या स्त्रीच्याच मांडीतून, स्नायूंवरच्या चिवट आवरणातून काढून घेतली. शरीर परक्या वस्तूला हुसकून लावते, स्वतःच्या वस्तूला लावत नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. हा निबंध त्यांनी १९५५ साली मद्रासहून निघणाऱ्या 'अँटिसेप्टिक' या वैद्यकीय मासिकात छापला. लंडन-न्यूयॉर्कच्या मासिकांची वाट न पाहता मद्रासच्या मासिकात छापलेला निबंध जगभर वाचला गेला, याचे मला फार कौतुक वाटते.

तथापि जिवंत गर्भ पोटात असताना त्याच्या दाराशी सुरी चालवायची हे धाडसच होते. पाण्याची पिशवी फुटू शकते, जंतू आत शिरू शकतात, रक्तस्राव होतो, मूत्राशयाला इजा होण्याचे भय असते. टाका वेळेवर काढला नाही आणि कळा सुरू झाल्या तर मुखच फाटते. १९५७ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचे डॉ. इयन मॅकडोनाल्ड यांनी यापेक्षा सोपी रीत सांगितली. मूत्राशय न सोडवता, पिशवीच्या नाडीसारखा दोरा मुखाभोवती ओवून आवळायचा. रीत सोपी झाली तसा टाका घालणाऱ्यांचा हातही सैल झाला.

येथे माझ्या गावाची गोष्ट सांगणे भाग आहे. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो, पण आमचे मूळ गाव सौंसर तालुक्यातले मोहगाव. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहे. राज्य मध्य प्रदेश असले तरी घराघरांत मराठी, आणि मोठे दुखणे आले की धाव नागपूरकडे. माझ्या मावशीचे तीन गर्भ पाचव्या-सहाव्या महिन्यात पडले. सासरच्यांनी अंगारे-धुपारे केले, महादेवाला नवस केला, तिचे विहिरीवर जाणे बंद केले. चौथ्या खेपेस नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी टाका घातला. नवव्या महिन्यात तो काढला आणि मुलगी झाली. बाळंतपणानंतर मावशी आठवडाभर तापाने फणफणली, पण उठली.

मग काय, मोहगावात टाक्याचे नाव झाले. एकदा जरी कुणाचा गर्भ पडला तरी पुढच्या खेपेला सासू टाका घालून आणा म्हणू लागली. एकीला जुळे होते, तिनेही घालून घेतला. टाका आणि मूल यांचा संबंध आमच्या गावाने एका मुलीवरून ठरवून टाकला होता.

खरे पाहता पुष्कळ शहाण्या डॉक्टरांनीही बरीच वर्षे तेच केले. आधी इतके गर्भ गेले, टाक्यानंतर मूल जगले, म्हणून टाका गुणकारी, असे ते मांडीत. यात एक मेख आहे. एक-दोन गर्भ गेलेल्या स्त्रियांपैकी कित्येकींना पुढच्या खेपेस काहीही न करता मूल होते. तेव्हा टाक्याची तुलना त्याच स्त्रीच्या जुन्या दुर्दैवाशी करून भागत नाही. तिच्यासारख्याच, पण टाका न घातलेल्या स्त्रियांशी करावी लागते. आणि कोणाला घालायचा, कोणाला नाही, हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवावे लागते.

अशा चाचण्या शिरोडकरांच्या मागे झाल्या. १९८४ साली फ्रान्स व दक्षिण आफ्रिका येथील दोन चाचण्यांत टाक्याचा फायदा दिसला नाही. सर्वांत मोठी चाचणी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने व तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजाने मिळून केली. १२ देशांतल्या १२९२ स्त्रिया, आणि त्याही अशा की टाका घालावा की नाही याबद्दल त्यांच्या डॉक्टरांना खात्री नव्हती. अखेरचा अहवाल १९९३ साली निघाला. ३३ आठवड्यांच्या आत बाळंत झालेल्या स्त्रिया टाक्याच्या गटात ८३, म्हणजे शेकडा १३. दुसऱ्या गटात ११०, म्हणजे शेकडा १७. हिशेब केला तर सुमारे २५ जणींना टाका घालावा तेव्हा एकीचे अकाली बाळंतपण टळते. उरलेल्या २४ जणींना त्याचा उपयोग नाही; जोखीम मात्र आहे. बाळंतपणानंतरचा ताप टाक्याच्या गटात दुपटीने आढळला.

हा अहवाल वाचताना मला मावशीचा तो आठवडा आठवला. पण त्यातच पुढे आणखी एक आकडा आहे. तीन किंवा अधिक वेळा अकाली मोकळ्या झालेल्या १०७ स्त्रियांचा एक लहान गट होता. त्यांत टाका घातलेल्यांपैकी शेकडा १५ जणी ३३ आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या, न घातलेल्यांपैकी शेकडा ३२. शिरोडकरांनी टाका शोधला होता तो अशाच, पुनःपुन्हा गर्भ गमावणाऱ्या स्त्रियांसाठी. माझी मावशी त्यांतली. गावातल्या ज्या बाकीच्या तिच्यामागून गेल्या, त्या नव्हेत. जुळ्यांची गोष्ट तर आणखी निराळी. २००५ साली निरनिराळ्या चाचण्यांतले आकडे एकत्र केले तेव्हा, मुख आखूड झालेल्या जुळ्यांच्या गरोदरपणात टाका घातलेल्या स्त्रियाच दुपटीने अकाली बाळंत झालेल्या दिसल्या. संख्या थोडी होती, पण डॉक्टर सावध झाले.

शिरोडकरांना हे आकडे पाहायला मिळाले नाहीत. ते टाक्यापुरते थांबलेही नव्हते. अंग बाहेर येण्याच्या विकारावर, तरुण स्त्रीचे गर्भाशय न काढता ते वर बांधून ठेवण्याची शस्त्रक्रिया त्यांनी बसवली. त्यांच्या शस्त्रक्रियांचा ग्रंथ १९६० साली निघाला, त्याच साली पद्मभूषण मिळाले. १९७१ साली पद्मविभूषण जाहीर झाले आणि ७ मार्च १९७१ रोजी ते निवर्तले.

मांडीतून काढलेली पट्टी आता कोणी वापरीत नाही. कृत्रिम धाग्याच्या फिती आणि दोरे आले. बहुतेक ठिकाणी मॅकडोनाल्डची सोपी रीत चालते. पण मुख फारच आखूड असेल किंवा तो टाका पूर्वी एकदा फसला असेल, तर कित्येक सर्जन शिरोडकरांच्या खोल टाक्याकडे वळतात. दोरा एकेरी असावा की विणलेला, हासुद्धा वाद होता. विणलेल्या दोऱ्यात जंतू दडून राहतात अशी शंका होती, म्हणून ब्रिटनमध्ये २००० हून अधिक स्त्रियांवर त्याचीही चाचणी झाली. निकाल २०२२ साली आला. दोन्ही गटांत मूल गमावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ८ च्या आसपासच निघाले.