दामोदर धर्मानंद कोसंबी : शेंदरी दगड आणि देवाची कथा

दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांचा जन्म गोव्यात झाला. पालीचे व्यासंगी पंडित धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. शिक्षण अमेरिकेत झाले आणि १९२९ मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. भारतात परतल्यावर त्यांनी बनारस व अलीगढ येथे, तसेच पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन केले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९६२ पर्यंत होते. त्याच वर्षी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. लोकदैवतांच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे वळावे ते विशेषतः या ग्रंथासाठी.

धर्माचा अभ्यास केवळ पोथ्यांवरून करणे कोसंबींना अपुरे वाटे. पुणे परिसरातील टेकड्या, जुन्या वाटा, कार्ल्यासारखी लेणी आणि गावकुसाबाहेरची ठाणी त्यांनी पायी हिंडून पाहिली. दगडी हत्यारांचे अवशेष टिपले आणि शेतकऱ्यांना व धनगरांना त्यांच्या देवांविषयी विचारले. बांधावरचा किंवा झाडाखालचा शेंदूर माखलेला दगड त्यांच्या दृष्टीने इतिहासाचे साधन होता.

अशा दगडाला आरंभी मूर्ती नसते आणि चरित्रही नसते. रान, पाणी, पीक आणि रोगराई यांमागील शक्तीचे ते ठाणे असते. तिची भीती वाटते, म्हणून तिला नैवेद्य द्यावयाचा. या शक्तीला नाते, पराक्रम आणि वंश मिळतो तो कथेतून. म्हसोबा हे याचे ठळक उदाहरण होय. पुराणातील महिषासुर देवीच्या हातून मारला जातो. परंतु पुरंदर तालुक्यातील वीर येथे धनगरांचा म्हस्कोबा जोगूबाईचा पती असून त्यांचा विवाहसोहळा यात्रेत साजरा होतो. एकीकडे वध, दुसरीकडे विवाह. कोसंबींच्या मते हा भेद कवींच्या लहरीतून आलेला नाही. अन्न गोळा करणाऱ्यांच्या मातृदेवता आणि पशुपालकांचे पुरुषदैवत एकमेकांसमोर आले. जेथे समूहांत संघर्ष राहिला तेथे वधाची कथा झाली, जेथे ते मिसळले तेथे लग्नाची. कथेने दैवते जोडली, कारण त्यांना पूजणारी माणसे जोडली जात होती.

कोसंबींच्या काही अनुमानांविषयी पुढे मतभेद झाले. उपलब्ध पुराव्यापेक्षा त्यांचा तर्क कधीकधी पुढे धावतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. तथापि त्यांच्या पद्धतीचे मोल त्यामुळे उणावत नाही. दैवतकथेचे एकच रूप खरे मानून उरलेली अपभ्रष्ट ठरवली, तर ती सांगणारा समाजच इतिहासातून वगळला जातो. म्हणून दैवतकथा अभ्यासताना ती कोण सांगतो, कोठे सांगतो आणि तिच्यात कोणाचा देव कोणाच्या देवाशी जोडला जातो, हे प्रश्न प्रथम विचारावयास हवेत.