अमेरिकेची एलिझाबेथ मुंबईत कमला निंबकर झाली, आणि केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं आशियातलं पहिलं स्कूल निघालं

नांदेड-लातूरकडं घरात कुणाला लकवा मारला की पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी ठरतात. मालिश कोण करणार आणि फिजिओथेरपी कुठं लावायची. ऑक्युपेशनल थेरपीचं नाव फार कमी घरांत निघतं. निघालंच तर तिचं मराठी नाव, म्हणजे व्यवसायोपचार, ऐकून ते नोकरी लावून देणारं ऑफिस वाटतं.

खरं तर या शास्त्राचं देशातलं पहिलं स्कूल महाराष्ट्रातच निघालं. काढलं एका अमेरिकन बाईंनी.

एलिझाबेथ लंडी. जन्म १९०० चा, न्यू जर्सीतल्या क्वेकर कुटुंबातला. अमेरिकेत शिकायला आलेल्या विष्णू निंबकर यांच्याशी ओळख झाली आणि १९३० मध्ये त्या भारतात आल्या. लग्न झालं, एलिझाबेथच्या कमलाबाई झाल्या. पुढच्याच वर्षी मुलगा झाला. तेच फलटणचे शेतीसंशोधक बी. व्ही. निंबकर, म्हणजे इरावती कर्व्यांच्या लेखिका कन्या जाई निंबकर यांचे यजमान.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण चाळिशी उलटल्यावर कमलाबाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या, परत आल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये स्कूल सुरू केलं. फिजिओथेरपीचं स्कूल केईएममध्ये त्यानंतर, १९५३ मध्ये आलं. तेव्हा नांदेड आणि लातूर हैदराबाद राज्यात होते, त्यामुळं मराठवाड्याला मुंबई तशी परराज्यच.

त्या काळी या थेरपीत हातमाग, विणकाम, सुतारकाम असायचं. बघणाऱ्याला तो छंदवर्गच वाटावा. पण कुठल्या रुग्णाला कुठलं काम आणि का, हे ठरवणं हाच उपचाराचा गाभा आहे, आणि ते शिकल्याशिवाय येत नाही.

समजा, उदगीरजवळच्या एका आजींची डावी बाजू गेली आहे. त्यांना पुन्हा भाकरी करायची आहे. थेरपिस्ट आधी काम नेमकं कुठं अडतं ते बघतो. खाली बसल्यावर तोल जातो का? डाव्या हाताला परात धरवत नाही का? की हात चालतो, पण परातीची डावी बाजू त्यांच्या ध्यानातच येत नाही? भाकरी तिन्हीत जमत नाही, उपचार मात्र तीन वेगळे. एकात बसण्याचा सराव, दुसऱ्यात पकडीचा, तिसऱ्यात नजर मुद्दाम डावीकडं नेण्याचा. सगळ्यांच्या हातात एकच रबरी चेंडू देऊन हे साधत नाही.

१९५२ मध्ये कमलाबाईंनी थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना उभी केली. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला. त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. पुढं नागपूरच्या मेडिकल कॉलेजातही स्कूल निघालं.

आणि १९५५ मध्ये त्यांनी या विषयाचं नियतकालिक सुरू केलं. मूठभर थेरपिस्ट असलेल्या देशात नियतकालिक कशाला, असं वाटेल. पण आपण केलेल्या उपचारानं फरक पडला का, हे लिहून दुसऱ्यांपुढं ठेवायची सवय नसेल तर चुकीची गोष्टसुद्धा वर्षानुवर्षं चालू राहते.

छताला कप्पी लावून दोरीनं लुळा हात वर ओढायचा व्यायाम घ्या. बघायला जोरदार. पण लकव्याच्या खांद्याला त्यानं दुखणं जडतं, असं अभ्यासात दिसलं आणि तो टाळावा, अशा सूचना निघाल्या.

कधी कधी तर मनाला पटलेली गोष्टही कसोटीवर टिकत नाही. लकव्याच्या रुग्णाचे व्यायाम घरच्यांना शिकवले तर? थेरपिस्ट लांब असलेल्या गावांसाठी याहून सोयीचं काय? भारतातल्या १४ हॉस्पिटलांत १,२५० रुग्णांवर हे तपासलं गेलं. निकाल २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. सहा महिन्यांनंतर मृत्यू आणि परावलंबन यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच. म्हणून घरच्यांनी हात लावू नये असं नाही. पण त्यांना थोडं शिकवलं की भागेल, या आशेला या अभ्यासानं आधार दिला नाही. मग कुठल्या घरी काय सांगायचं, हे थेरपिस्टला रुग्ण बघूनच ठरवावं लागतं.

कमलाबाई १९७९ मध्ये गेल्या. भारतातल्या पुनर्वसनाचा आणि ऑक्युपेशनल थेरपीचा त्यांनी लिहिलेला इतिहास १९८० मध्ये पुस्तकरूपानं आला. फलटणमध्ये आज त्यांचं नाव घेतलं की लोक शाळेचा पत्ता सांगतात. मॅक्सिन बर्नसन या दुसऱ्या एका अमेरिकन बाईंनी काढलेल्या त्या शाळेचं नाव आहे कमला निंबकर बालभवन.