समर्थ रामदास

समर्थ रामदास (जन्म : चैत्र शुद्ध ९, शके १५३०, जांब, समाधी : माघ वद्य ९, शके १६०३, सज्जनगड) हे १७व्या शतकातील मराठी संतकवी होते. त्यांचे मूळ नाव नारायण सूर्याजीपंत ठोसर. नाशिकजवळील टाकळी येथे त्यांनी १२ वर्षे साधना केली, अशी परंपरा आहे.

यमकरचना

दासबोधाचे लेखन महाड तालुक्यातील शिवथरघळीत झाले, असे मानले जाते. लेखनिक कल्याणस्वामी होते. २० दशक व २०० समासांचा हा ग्रंथ ओवीबद्ध आहे. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने जुळतात. चौथा आखूड असून यमकमुक्त राहतो. लेखनक्रिया व राजकारण यांसारखे रुक्ष विषयही त्यामुळे पाठांतरास सुलभ झाले. मनाच्या २०५ श्लोकांत भुजंगप्रयात वृत्त असून चरण जोडीजोडीने सयमक आहेत.

चौदाव्या दशकात त्यांनी कवित्वाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मनात येईल ते बळेच रचणे म्हणजे धीट कवित्व, पाठांतरावरून केलेले अनुकरण म्हणजे पाठ आणि भक्तीतून सहज स्फुरते ते प्रासादिक. यांपैकी प्रासादिक कवित्व त्यांनी श्रेष्ठ मानले. ओढूनताणून जुळवलेले यमक या कसोटीस उतरत नाही.

शिवथरघळ

विस्मृतीत गेलेली ही घळ १९३० मध्ये धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी शोधून काढली. तेथे आजही दासबोधाचे वाचन होते.