फ्लॅनरी ओकॉनर आणि ल्युपस : वडिलांचा आजार मुलीला का झाला?

तुमच्या घरात कुणाला ल्युपस असेल, तर हा आजार मुलांनाही होईल का, ही शंका तुमच्या मनात येऊन गेली असेलच. प्रसिद्ध अमेरिकन लेखिका फ्लॅनरी ओकॉनर यांच्या घरात तसे घडले. त्यांचे आयुष्य पाहिले की या आजारात जनुकांचा अभ्यास का केला जातो, हेही समजते.

लपवलेले निदान

फ्लॅनरी यांचा जन्म २५ मार्च १९२५ रोजी जॉर्जिया राज्यातील सवाना शहरात झाला. त्या १५ वर्षांच्या असताना, १९४१ मध्ये, वडील ल्युपसने वारले. १९५० च्या डिसेंबरमध्ये, पहिल्या कादंबरीवर काम सुरू असताना, त्यांचे हात जड पडू लागले. रेल्वेने घरी पोहोचेपर्यंत त्या गंभीर आजारी झाल्या होत्या. तपासणीत ल्युपस निघाला. मुलगी खचेल या भीतीने आईने ते सांगितले नाही; आपल्याला आमवात आहे असेच फ्लॅनरी समजत होत्या. १९५२ मध्ये एका मैत्रिणीने त्यांना खरे काय ते सांगितले. त्यानंतर त्यांनी आयुष्याची आखणी आजार धरूनच केली.

शरीरात स्टिरॉइड तयार करायला लावणाऱ्या एसीटीएच या संप्रेरकाची इंजेक्शने त्या घेत. मिलेजव्हिलजवळच्या शेतावर आईसोबत राहून त्यांनी मोर पाळले आणि रोज सकाळचे काही तास लेखनासाठी राखले. १९५५ पासून चालायला कुबड्या लागल्या, तरी लेखन थांबले नाही. १९६४ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर ल्युपस पुन्हा उसळला, मूत्रपिंडे निकामी झाली आणि ३ ऑगस्टला, ३९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

रक्तात काय चालले होते?

आपल्या बहुतेक सर्व पेशींत जनुके सारखीच असतात. फरक असतो तो कोणते जनुक चालू आणि कोणते बंद, यात. चालू जनुक आपल्या आरएनए प्रती बनवते. त्या मोजल्या की पेशी कोणत्या कामात गुंतली आहे ते कळते. यालाच जनुक अभिव्यक्तीचे विश्लेषण म्हणतात.

२००३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तपेशींतील हजारो जनुके अशी तपासली. अनेक रुग्णांत इंटरफेरॉनमुळे चालू होणारी जनुके जोरात काम करताना दिसली. इंटरफेरॉन म्हणजे विषाणू शिरल्यावर शरीर देत असलेला धोक्याचा इशारा. १९५७ मध्ये, फ्लॅनरी हयात असतानाच, लंडनमध्ये त्याचा शोध लागला होता. ल्युपसमध्ये हा इशारा विषाणू नसतानाही वाजत राहतो. हा इशारा पेशीपर्यंत पोहोचू न देणारे ॲनिफ्रोलुमॅब हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले.

तुमच्यासाठी याचा अर्थ

- पालकांकडून येते ती आजाराची शक्यता, आजार नव्हे. ल्युपस असलेल्यांच्या बहुतेक मुलांना तो होत नाही.
- जनुक अभिव्यक्तीची तपासणी अजून मुख्यतः संशोधनात वापरली जाते. निदान लक्षणे, एएनए व इतर प्रतिपिंडांच्या चाचण्या आणि लघवीची तपासणी यांवरूनच होते.
- मूत्रपिंडाला धक्का पोहोचला तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही. म्हणून बरे वाटत असतानाही लघवी आणि रक्तदाब तपासत राहा.
- शस्त्रक्रिया ठरली, तर आधी तुमच्या संधिवाततज्ज्ञांना कळवा. औषधे मनाने बंद करू नका.
- रुग्णापासून निदान लपवू नका. ज्याला आपला आजार माहीत आहे, तोच त्याची नीट काळजी घेऊ शकतो.