रेव्ह. स्टीफन हिस्लॉप : पाषाण वाचणारे सुवार्तिक

मरोळजवळच्या महाकाली लेण्यांच्या डोंगराचा पाषाण ज्वालामुखीच्या रसापासून झालेला असून, त्याच जातीचे थर थेट नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीपर्यंत पसरलेले आहेत. हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, असे आमची मुले शाळेत शिकतात. पुढे डार्विन साहेबांचे मत शिकून ती घरी येतात व वडील मंडळींस प्रश्न विचारतात. पुष्कळ ठिकाणी त्यांस गप्प बसविण्यात येते. मग शाळा खरी की शास्त्र खरे, अशा पेचात पडून कित्येक तरुण उपासनेस यावयाचे थांबतात. अशा घरांकरिता आम्ही एका सुवार्तिकाचे चरित्र येथे देत आहो.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडातील डन्स या गावी झाला. फ्री चर्चचे मिशनरी म्हणून ते १८४५ साली नागपुरास आले. त्यांनी मराठी भाषा आत्मसात केली, १८४६ साली शाळा काढली, आणि गोंड लोकांमध्ये हिंडून त्यांची भाषा व चालीरीती टिपून ठेवल्या. त्या टिपणांचे पुस्तक त्यांच्या पश्चात १८६६ साली प्रसिद्ध झाले.

प्रवासात त्यांची दृष्टी दगडांकडेही असे. सहकारी रेव्ह. रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी टाकळी येथे, काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळात, गोड्या पाण्यातील शंखशिंपा, फळे, बिया व किडे दगड झालेले शोधून काढले. मांगली येथे बेडकाच्या दूरच्या नात्यातील एका नष्ट झालेल्या प्राण्याची कवटी मिळाली; तिची परीक्षा लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी केली. नागपूरच्या आसपास ज्या पानांचे ठसे मिळाले, तशीच पाने ऑस्ट्रेलियातही सापडतात. हे खंड एके काळी जोडलेले होते, असे पुढे विद्वानांनी ठरविले, आणि त्या प्राचीन भूमीस गोंडांच्या नावावरूनच गोंडवन असे नाव पडले.

हिस्लॉप साहेबांचा शंखांवरील निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाने १८६० साली छापला. त्याच्या आदल्याच वर्षी डार्विन साहेबांचा ग्रंथ निघाला होता. शेतकरी निवडक कणसांचे बी राखून पीक सुधारतो. तशीच निवड निसर्गात आपोआप घडते, असे त्यांचे म्हणणे. जगतील त्याहून फार अधिक जीव जन्मतात. ज्यांचा लहानसा भेद परिस्थितीस जुळतो ते अधिक तगतात व तो गुण संततीस देतात. असे असंख्य पिढ्या चालून नव्या जाती होतात. यावर १८६० साली ऑक्सफर्ड येथे बिशप विल्बरफोर्स व प्रोफेसर हक्स्ली यांचा मोठा वाद झाला. मनुष्य पशूंच्या कुळातून आला तर तो देवाच्या प्रतिरूपाचा कसा, हा आक्षेप तेव्हापासून आजवर चालू आहे.

हा वाद हिस्लॉप साहेबांनी मिटविला, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या मंडळीत ते वाढले, तिचे पुढारी डॉ. चामर्स यांनी पृथ्वी फार पुरातन आहे हे पूर्वीच मान्य केले होते. त्या मंडळीच्या बाजूचे वर्तमानपत्र चालविणारे ह्यू मिलर हे उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा दिवस म्हणजे दीर्घ युगे असे मानीत. जाती बदलतात हे मात्र त्यांस पटले नव्हते. सर्वांचे मत एक नव्हते, तरी दगड फोडून पाहणे हे कोणी पाप मानिले नाही.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन दगडी वर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप साहेब पूर आलेल्या नाल्यात बुडून मरण पावले. वयाची ४६ वर्षे पुरी होण्यास चार दिवस उरले होते. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून त्यांचे नाव चालवीत आहे.

वाचकहो, जीवांच्या जाती कशा झाल्या याचा पुरावा आज हिस्लॉप साहेबांच्या काळाहून कितीतरी अधिक जमला आहे. तो नाकारून आमचा विश्वास बळकट होणार नाही. कुंभार चाक कसे फिरवितो हे समजले म्हणून कुंभार नाहीसा होत नाही. सृष्टी कशी घडली हे दगडांस विचारावे. ती कोणाची व कशाकरिता, हे प्रभूच्या चरणी शिकावे. तेव्हा मुलाने प्रश्न विचारला तर त्यास दटावू नका. त्याच्याबरोबर तो दगड हाती घ्या, आणि रविवारी त्यालाच बरोबर घेऊन मंदिरात या.