यादीत नाव नसलेला माणूस : एम्लेन टनेल

फुटबॉल म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर लगेच दोन पार्ट्या पडतात, मेस्सीवाले आणि रोनाल्डोवाले. पण मित्रांनो, आज मी ज्या फुटबॉलबद्दल लिहिते आहे तो हा नव्हे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात बॉल लांबट असतो, तो हाताने फेकतात, खेळाडू हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात आणि पायाचा बॉलशी संबंध फार थोडा वेळ येतो! त्या खेळातल्या एका माणसाची ही गोष्ट. नाव एम्लेन टनेल. तिकडे हे नाव मोठं आहे, आपल्याकडे मात्र फारसं कोणी ऐकलेलं नसेल.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात याचं काय काम, असं कुणी विचारेल. काम आहे. थर्ड इयर लागलं की आपलं सगळं आयुष्य शॉर्टलिस्ट या एका शब्दाभोवती फिरायला लागतं. टनेल कोणाच्याच शॉर्टलिस्टमध्ये नव्हता. आणि पुढे शॉर्टलिस्ट बनवण्याचं काम त्याच्याच हातात आलं, तेव्हा त्याने काय केलं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी खेळ थोडा समजून घेऊ. दोन्हीकडे अकरा-अकरा माणसं. बॉल ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. त्यांचा क्वार्टरबॅक मागे उभा राहून पुढे धावणाऱ्या आपल्या रिसीव्हरकडे बॉल फेकतो. या रिसीव्हरला अडवायला समोरच्या टीमचे सगळ्यात मागे उभे असलेले जे चार-पाच जण, ते डिफेन्सिव्ह बॅक. त्यांचं काम भयंकर अवघड असतं. रिसीव्हरला माहीत असतं आपण कुठे वळणार. डिफेन्सिव्ह बॅकला ते माहीत नसतं. तो आधी उलटा, पाठीमागे धावतो, समोरच्याच्या कमरेकडे बघतो, तो वळला की क्षणात स्वतः वळतो आणि बॉल कधी येईल याचाही अंदाज ठेवतो. त्याने मधल्या मध्ये बॉल पळवला तर त्याला इंटरसेप्शन म्हणतात. चुकला तर मागे कोणी नाही, सरळ स्कोअर. विकेटकीपरच्या मागे कोणी नसतं ना, तसंच.

आता ड्राफ्ट. आपल्या आयपीएलमध्ये लिलाव होतो, ज्याच्याकडे पैसा तो बोली लावतो. अमेरिकेतल्या एनएफएल या लीगमध्ये कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंसाठी पाळीपाळीने निवड होते. मागच्या वर्षी जो शेवटचा आला तो पहिला निवडतो, म्हणजे कच्च्या टीमला आधी संधी. ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झाला. फळ्यावर ९० नावं लिहिली होती. तेव्हा टीमकडे खेळाडू हुडकणारी माणसं नव्हती. वर्तमानपत्रं, मासिकं आणि ओळखीच्या कोचचा शब्द, एवढ्यावर काम चालायचं. पहिलंच नाव उचललं गेलं जे बर्वँगर यांचं, आणि ते एनएफएलमध्ये एकही मॅच खेळले नाहीत! म्हणजे पहिल्याच वर्षी पहिलाच नंबर वाया.

एम्लेन टनेलचा जन्म २९ मार्च १९२४ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रिन मॉरचा. शाळेत असल्यापासून खेळाडू. १९४२ मध्ये तो टोलेडो विद्यापीठात गेला आणि तिथे फुटबॉल खेळताना त्याची मान मोडली. खरोखर मोडली! मानेला पट्टा लावून फिरावं लागलं. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. हा काही महिन्यांतच टोलेडोच्या बास्केटबॉल टीममध्ये होता आणि ती टीम १९४३ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलपर्यंत पोचली.

महायुद्ध चालू होतं. टनेल सैन्यात भरती व्हायला गेला. मानेच्या दुखापतीमुळे आर्मीने नाकारलं, नेव्हीने नाकारलं. शेवटी कोस्ट गार्डने घेतलं. पण तो कृष्णवर्णीय होता आणि त्या काळी अशा मुलांना जहाजावर बहुतेक वाढप्याचं, साफसफाईचंच काम मिळायचं. त्यालाही तेच मिळालं. २७ एप्रिल १९४४ ला न्यू गिनीजवळच्या मिल्न बे इथे त्याच्या एटामिन नावाच्या जहाजावर जपानी विमानाने टॉर्पेडो टाकला. आग लागली. एक सहकारी पेटला होता. टनेलने नुसत्या हातांनी त्याच्या अंगावरची आग विझवली, स्वतःचे हात भाजून घेतले आणि त्याला बाहेर काढलं. १९४६ मध्ये न्यूफाउंडलंडला बर्फासारख्या थंड पाण्यात पडलेल्या दुसऱ्या एका सहकाऱ्यासाठी त्याने उडी मारली आणि त्यालाही वाचवलं. याबद्दलचं पदक मिळायला २०११ साल उजाडलं. तोपर्यंत तो जाऊन ३६ वर्षं झाली होती.

युद्ध संपल्यावर तो आयोवा विद्यापीठात शिकायला आणि खेळायला गेला. १९४६ आणि १९४७ असे दोन सीझन खेळला. आणि मग आला १९४८ चा ड्राफ्ट. त्या ड्राफ्टमध्ये ३२ फेऱ्या झाल्या, ३०० खेळाडू निवडले गेले. तीनशे! त्यात टनेलचं नाव नाही.

का नाही? याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. एक म्हणजे त्याचं कॉलेजचं खेळणं अजून शिल्लक होतं, तो परत जाईल असं टीमना वाटलं. दुसरं उत्तर कडू आहे. १९३४ पासून १९४५ पर्यंत एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळत होते. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, तरी ड्राफ्टमध्ये एखाद्या कृष्णवर्णीय खेळाडूचं नाव पहिल्यांदा पुकारलं गेलं ते १९४९ च्या ड्राफ्टमध्ये. म्हणजे १९४८ ची ती ३०० नावांची यादी कितीही लांब असली तरी बनवणाऱ्यांनी अर्ध्या मैदानाकडे पाहिलंच नव्हतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सॅम्पलच चुकीचं होतं. मग कॅल्क्युलेशन कितीही बरोबर करा.

टनेलने काय केलं? रडत बसला नाही. १९४८ च्या उन्हाळ्यात तो घरून निघाला, रस्त्यात लिफ्ट मागत, केळ्यांच्या ट्रकमध्ये बसून न्यूयॉर्कला पोचला आणि न्यूयॉर्क जायंट्स या टीमच्या ऑफिसात सरळ जाऊन म्हणाला की मला संधी द्या. मालक टिम मारा यांना त्याच्या धाडसाचं कौतुक वाटलं आणि त्यांनी त्याला घेतलं. जायंट्सकडून खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. पहिल्या सीझनला त्याने ७ इंटरसेप्शन्स केली, दुसऱ्या सीझनला १०.

१९५० मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स ही टीम एनएफएलमध्ये आली. दुसऱ्या एका लीगमध्ये ती सलग चार वर्षं चॅम्पियन होती आणि तिचं पासिंग कोणालाच थांबवता येत नव्हतं. जायंट्सचे कोच स्टीव्ह ओवेन यांनी एक युक्ती काढली. मागचे चार डिफेन्सिव्ह बॅक अर्धगोलात उभे केले. वरून बघितलं तर उघडलेल्या छत्रीसारखे दिसायचे, म्हणून नावच पडलं अंब्रेला डिफेन्स. त्या चौघांत टनेल होता आणि पुढे कोच म्हणून प्रचंड गाजलेले टॉम लँड्रीसुद्धा होते. १ ऑक्टोबर १९५० ला या छत्रीने ब्राउन्सना शून्यावर रोखलं, ६–०. ब्राउन्सच्या इतिहासात पहिल्यांदा! नंतरच्या प्लेऑफमध्ये ब्राउन्सनी ८–३ ने बदला घेतला आणि चॅम्पियनशिपही जिंकली, हेही सांगायला हवं. पण आजही डिफेन्सचा इतिहास लिहिताना त्या छत्रीला वगळता येत नाही.

१९५२ चा आकडा तर मला सगळ्यात आवडतो. त्या वर्षी टनेलने इंटरसेप्शन्स आणि किक परत आणण्यात मिळून ९२४ यार्ड कमावले. बॉल घेऊन धावणं हेच ज्यांचं काम, त्यांच्यात त्या वर्षी पहिला आलेला खेळाडू ८९४ यार्ड धावला होता. अडवायला ठेवलेला माणूस पळणाऱ्यांच्या पुढे गेला!

१९५६ मध्ये जायंट्स चॅम्पियन झाले. १९५९ मध्ये जायंट्सचे माजी सहाय्यक कोच विन्स लोम्बार्डी ग्रीन बे पॅकर्सचे मुख्य कोच झाले. आदल्या वर्षी ही टीम फक्त एक मॅच जिंकली होती. लोम्बार्डींनी टनेलला तिथे नेलं. वय वाढलं होतं, पण नव्या पोरांना डिफेन्स शिकवायला असा माणूस हवा होता.

इथून गोष्ट माझ्या मुद्द्याकडे येते. १९६० मध्ये पॅकर्समध्ये विली वुड नावाचा मुलगा आला. कॉलेजमध्ये तो क्वार्टरबॅक होता. त्यालाही कोणी ड्राफ्ट केलं नव्हतं. त्याने टीमना पत्रं लिहिली आणि पॅकर्सनी बोलावलं. टनेलने त्याला हाताशी धरून सेफ्टीची जागा शिकवली, म्हणजे स्वतःचीच जागा! लवकरच वुडने ती घेतलीसुद्धा. पुढच्या वर्षी हर्ब अ‍ॅडर्ली आला. तो पहिल्या फेरीत निवडलेला, सगळ्यांचा लाडका, पण धावणारा म्हणून निवडलेला. डिफेन्समधला एक जण जखमी झाला म्हणून त्याला मागे उभं केलं, आणि खरी जागा तीच निघाली. वुड आणि अ‍ॅडर्ली दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. एकाला यादीने बघितलंच नाही. दुसऱ्याला बघितलं, पण चुकीच्या रकान्यात लिहिलं.

डिफेन्सिव्ह बॅकची पारख इतकी फसवी का असते? आज ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिसला मोठी परीक्षा होते. ४० यार्ड किती सेकंदांत पळतो, जागेवरून किती उंच उडतो, सगळं मोजतात. ते मोजायलाच हवं, कारण हळू पळणारा मागे राहणारच. पण ४० यार्डची शर्यत सरळ रेषेत असते. मॅचमध्ये हा माणूस आधी उलटा धावतो, मग वळतो, मग पळतो. त्याचं वळणं किती सहज आहे हे डोळ्यांनीच बघावं लागतं. क्वार्टरबॅकच्या खांद्यावरून बॉल कुठे जाणार हे आधीच ओळखणं तर कुठल्याच स्टॉपवॉचमध्ये दिसत नाही. आकडेही दगा देतात. एखादा कॉर्नर फारच चांगला असेल तर समोरचे त्याच्या बाजूला बॉलच फेकत नाहीत, मग त्याची इंटरसेप्शन्स कमी दिसतात. कागदावर तो साधा वाटतो!

त्यामुळे टीमपुढे प्रत्येक वर्षी तोच प्रश्न असतो. आपल्याला ज्या जागेची गरज आहे त्या जागेचा माणूस घ्यायचा, की समोर दिसतोय त्यातला सगळ्यात गुणी घ्यायचा? घाईने गरज भागवायला गेलं तर चांगला माणूस हातचा जातो. फक्त गुणी बघत बसलं तर मागची जागा रिकामी राहते.

१९६१ मध्ये पॅकर्सबरोबर चॅम्पियन होऊन टनेल निवृत्त झाला. नावावर ७९ इंटरसेप्शन्स, तेव्हाचा विक्रम. तो १९७९ मध्ये मोडला, पण ८१ च्या पुढे आजही कोणी गेलेलं नाही. निवृत्तीनंतर तो स्कॉट झाला, म्हणजे कॉलेजा-कॉलेजांत फिरून खेळाडू हुडकायचे. १९६५ मध्ये जायंट्सने त्याला डिफेन्सिव्ह बॅक्सचा कोच नेमलं. एनएफएलमधल्या सुरुवातीच्या पूर्णवेळ कृष्णवर्णीय सहाय्यक कोचपैकी तो एक.

त्याच वर्षी जायंट्सने तेराव्या फेरीत कार्ल लॉकहार्ट नावाचा सडपातळ मुलगा घेतला. तेरावी फेरी म्हणजे आपल्याकडे शेवटच्या दिवशी येणाऱ्या कंपनीसारखं! टनेलने बघितलं की हा रिसीव्हरला असा चिकटतो की सुटत नाही. त्याने त्याचं नाव ठेवलं स्पायडर. हा स्पायडर जायंट्सकडून ११ सीझन खेळला आणि ४१ इंटरसेप्शन्स करून गेला. उंची, वजन, फेरीचा नंबर हे सगळं बाजूला ठेवून टनेलने तो मुलगा मैदानावर काय करतो ते बघितलं, बस.

१९६७ मध्ये टनेल हॉल ऑफ फेममध्ये गेला. तिथे पोचलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आणि फक्त डिफेन्सच्या जोरावर पोचलेलाही पहिलाच. २३ जुलै १९७५ ला जायंट्सच्या सराव शिबिरातच हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला, कामावर असताना. २०२१ मध्ये अमेरिकन कोस्ट गार्डने आपल्या एका जहाजाला त्याचं नाव दिलं. ज्या दलात त्याला ताटं उचलायला ठेवलं होतं, त्याच दलाने.

मित्रांनो, यादीत नाव नसलं तरी खचू नका, एवढंच सांगून मला थांबायचं नाही. ते आपल्याला सगळेच सांगतात. प्रत्येकाला केळ्यांचा ट्रक मिळत नाही आणि प्रत्येक दारामागे टिम मारा नसतो. १९४८ मध्ये टनेलसारखे आणखी किती जण घरीच राहिले असतील, त्यांची नावं आपल्याला कधी कळणारही नाहीत. पण उद्या आपल्यातले कितीतरी जण टेबलाच्या पलीकडे बसणार आहेत. कोणी एचआरबरोबर इंटरव्ह्यू घेईल, कोणी क्लबची टीम निवडेल, कोणी इथेच लेक्चरर होऊन प्रोजेक्टचे ग्रुप पाडेल. तेव्हा हातात यादी असेल आणि वेळ कमी असेल. अशा वेळी यादी कोणी बनवली आणि बनवताना कुठे बघितलंच नाही, एवढं तरी विचारा. टनेल तेराव्या फेरीतल्या मुलाकडेही तितक्याच लक्षपूर्वक बघायचा, कारण बाकीच्यांनी न बघितलेला माणूस कसा असतो हे त्याला चांगलं माहीत होतं.